सीहोरचे विद्यार्थी, काशीचे पंडित : बापूदेवशास्त्री

(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही व्याख्याता नव्हे. तीस-बत्तीस वर्षे कारखान्याच्या तपासणी विभागात गेज आणि मायक्रोमीटर हाताळले, एवढीच माझी विद्या. त्यामुळे समितीने "या वर्षी तुम्ही बोला" असे सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. पण एक विषय मनात घोळत होता, आणि त्याला कारण झाला एक फोन.

२० ऑगस्ट २०२३ ला रत्नागिरीहून माझ्या आतेबहिणीचा फोन आला. "दादा, आमचा बाप्पा बसला हो. तुमचा कधी?" आपला गणपती त्या वर्षी १९ सप्टेंबरला बसला, हे तुम्हाला आठवत असेल. तिच्या सासरी टिळक पंचांग मानतात. एकाच देवाचे आगमन दोन घरांत एक महिन्याच्या अंतराने! माझ्या नातवाने विचारले, "आजोबा, यातले बरोबर कोणते?" मला धड उत्तर देता आले नाही. मग वाचायला बसलो, आणि वाचता वाचता जी व्यक्ती भेटली ती आपल्या भोपाळपासून चाळीसेक किलोमीटरवर शिकून गेलेली निघाली.

सीहोरला चिंतामण गणेशाच्या दर्शनाला आपल्यापैकी बहुतेक जण जातात. त्याच सीहोरला इंग्रजांची छावणी होती आणि भोपाळचा पोलिटिकल एजंट तिथे राहत असे. १८३० च्या दशकात या जागेवर लान्सलॉट विल्किन्सन नावाचा गृहस्थ होता. त्याला संस्कृत ज्योतिषाचा नाद. पृथ्वी गोल आहे हे इथल्या मुलांना शिकवायचे तर इंग्रजी पुस्तकापासून सुरुवात कशाला, तुमच्याच भास्कराचार्यांचा 'सिद्धांतशिरोमणि' हाती द्यावा, असे त्याचे मत. परिघाचा शंभरावा तुकडा सपाटच दिसतो, म्हणून माणसाला पृथ्वी सपाट वाटते, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहून ठेवलेलेच होते. त्याच्या शाळेतल्या मंडळींत सुबाजी बापू होते. त्यांनी १८३६ मध्ये याच विषयावर 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हे मराठी पुस्तक लिहिले. म्हणजे पाहा, पावणेदोनशे वर्षांपेक्षाही आधी सीहोरला बसून मराठीत खगोलशास्त्र लिहिले जात होते. आपण इकडे नोकरीला आलो तेव्हा वाटले होते, या भागात आपणच पहिले!

बापूदेवशास्त्री १८२१ चे. चित्पावन घराणे. त्यांचे खरे नाव नृसिंह. शिक्षण मात्र नागपुरात झाले. तिथे ढुंढिराज मिश्र या कान्यकुब्ज पंडितांकडे ते 'लीलावती' आणि 'बीजगणित' शिकले. १८३८ मध्ये विल्किन्सनने त्यांची गणिताची तयारी पाहिली आणि सतरा वर्षांच्या या मुलाला सीहोरला आणले. सीहोरला सेवाराम या शिक्षकांकडे त्यांचे सिद्धांताचे अध्ययन झाले. १८४१ मध्ये विल्किन्सन वारला, पण त्याच्या शिफारशीचे फळ मिळाले. १८४२ मध्ये बापूदेव काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. वय वीस. तिथून १८८९ पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, ते तिथेच शिकवीत राहिले. १८९० मध्ये त्यांचे निधन झाले.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १८७८ मध्ये सी. आय. ई., १८८७ मध्ये महामहोपाध्याय. ती यादी मी वाचत नाही. दोन कामांविषयी मात्र सांगतो.

पहिले काम कागदावरचे. १८५८ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी इंग्रजीत लेख लिहून दाखवून दिले की भास्कराचार्यांना चलनकलनाची, म्हणजे डिफरन्शियल कॅल्क्युलसची, कल्पना होती. चंद्र कधी दिवसाला बारा अंशांहून कमी चालतो, कधी पंधरा अंशांहून अधिक. मग तिथी नेमकी केव्हा संपते हे काढायला दिवसाची सरासरी गती कशी पुरेल? त्या क्षणाची गती हवी. भास्कराचार्य तिला तात्कालिक गती म्हणतात आणि तिच्यासाठी ज्येच्या वाढीचे प्रमाण कोटिज्येवरून काढतात. आपल्या इंजिनियर मुलांना हे ओळखीचे वाटेल. विलायतेत स्पॉटिसवूड या गणितज्ञाने १८६० मध्ये त्यावर लिहिले. साम्य त्याने मान्य केले, पण दावा जरा जास्तच होतो असेही म्हटले. मला वाटते त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण काशीतल्या एका मराठी शास्त्र्याच्या लेखाची दखल विलायतेतल्या गणितज्ञाला घ्यावी लागली, हेही खरेच. पुढे १८६१ मध्ये बापूदेवांचे 'सूर्यसिद्धांता'चे इंग्रजी भाषांतर आले, विल्किन्सनच्या 'गोलाध्याया'च्या भाषांतरासोबत, आणि १८६६ मध्ये 'सिद्धांतशिरोमणी'ची त्यांनी शोधलेली प्रत छापून निघाली.

दुसरे काम पंचांगाचे, आणि त्यात खरा तंटा होता.

तिथी म्हणजे काय? सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे गेला की एक तिथी. जुन्या पंचांगांचा नियम 'बाणवृद्धी रसक्षय'. साठ घटींवर तिथी फार तर पाच घटी वाढेल, फार तर सहा घटी कमी होईल. एक घटी म्हणजे २४ मिनिटे. प्रत्यक्ष आकाशात मात्र तिथी सुमारे पन्नास घटींपासून सदुसष्ट घटींपर्यंत बदलते. एवढा फरक का? सूर्यसिद्धांतात चंद्राला एकच मोठा संस्कार आहे. सूर्याच्या ओढीमुळे चंद्राच्या चालीत आणखी जे फेरफार होतात ते त्यात नाहीत. गंमत अशी की तो एक संस्कार अमावास्या-पौर्णिमेला जवळजवळ चपखल बसतो. ग्रहणे त्याच दिवशी होतात. म्हणजे जुन्या पंडितांनी ज्या दिवशी गणित आकाशाशी ताडून पाहिले, त्या दिवशी ते बरे उतरले. अष्टमीच्या सुमारास चंद्र अडीच अंशांपर्यंत चुकतो, म्हणजे तिथी पाच तासांपर्यंत इकडे-तिकडे. पण अष्टमीला कोण मोजायला जातो? आमच्या विभागात असे घडायचे. गेज दोन टोकांना मास्टरशी जुळायचे, म्हणून मधे तपासायचेच राहून जायचे.

आपली चतुर्थी त्याच मधल्या भागात येते. गणेशपूजनाला मध्याह्नी चतुर्थी असलेला दिवस घेतात. काही तास सरकले की दिवसच बदलतो. हा नुसता पंडितांचा वाद नव्हे, घरोघरचा आहे.

बापूदेवांनी १८७० च्या दशकात काशीत नॉटिकल अल्मनाकवरून पंचांग काढायला सुरुवात केली. काशीत! पुण्या-मुंबईत नवे काही करणे वेगळे आणि जिथल्या पंचांगावर अर्धा हिंदुस्थान श्राद्ध-एकादशी पाळतो तिथे करणे वेगळे. आक्षेप असा होता की ग्रहणासारख्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीसाठी नवे गणित खुशाल घ्या, पण व्रताचे फळ अदृश्य असते, त्याला ऋषिप्रणीत गणितच हवे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्रद्धेच्या गोष्टी दुर्बिणीने ठरवायच्या का, हा प्रश्न आजही लोक विचारतात. पण बापूदेवांच्या बाजूलाही परंपरा होतीच. आपल्या कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिले, तेव्हा त्यांनी कोणताही एक ग्रंथ डोळे मिटून घेतला नाही. जो ग्रह ज्या ग्रंथाने आकाशात जुळला, त्याचे अंक त्यांनी तिथून घेतले. दृक्प्रत्यय, म्हणजे डोळ्यांना पटणे, हा जुना शब्द आहे, साहेबाने दिलेला नव्हे.

आता माझ्या नातवाचा प्रश्न. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी बापूदेवांच्याही आधी, १८६५ च्या सुमारास, पटवर्धनी पंचांग सुरू केले होते. टिळक पंचांग त्याच वाटेवरचे. तेही दृक्गणिताचेच, चंद्र दोन्हीकडे एकाच जागी. फरक आहे तो राशिचक्र कुठून मोजायचे याचा. त्यांनी रेवतीतल्या एका ताऱ्यापासून मोजले, त्यामुळे आरंभ सुमारे चार अंश वेगळा आला. सूर्याची संक्रांत चार दिवस आधी येते आणि एखाद्या वर्षी अधिक महिनाच दुसरीकडे पडतो. २०२३ मध्ये तेच झाले. बापूदेवांनी आरंभबिंदू रूढ परंपरेजवळ ठेवला होता. चंद्र कुठे आहे याचे उत्तर आकाश देते. मोजायला कुठून लागायचे ते माणसांनी ठरवायचे. आतेबहीण चुकली नाही आणि आपणही नाही, असे मी नातवाला सांगितले. "मग मोदक दोनदा का नाहीत?" असे त्याने विचारले, त्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते.

बापूदेवांच्या नावाचे दृक्सिद्ध पंचांग काशीच्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाने पुढे चालू ठेवले. आज आपल्या भिंतींवर टांगलेली बहुतेक मराठी पंचांगे आणि कॅलेंडरे दृक्गणिताचीच असतात. पुढच्या वेळी सीहोरला गणपतीच्या दर्शनाला जाल तेव्हा छावणीच्या बाजूलाही एक चक्कर मारा, एवढेच सुचवतो.

समितीचे कार्यकर्ते मघापासून घड्याळ दाखवत आहेत. आरतीची वेळ झाली आहे. थांबतो.