पत्रा फोडण्याआधी

(घिवली इथं वाचनालयाच्या दुरुस्तीसाठी जमलेल्या घिवली-बोईसर परिसरातल्या तरुणांसमोर केलेलं भाषण)



त्या कोपऱ्यात एक घण आणि दोन पहारी आणून ठेवल्यात, त्या मी आल्या आल्या बघितल्या. रविवारी श्रमदान. ह्या वाचनालयाचे जुने पत्रे फोडून खाली पाडायचे, नवे घालायचे, ठेकेदाराचे पैसे वाचवायचे. पोरं खुशीत आहेत. आणि मी उभा राहिलोय तो घण परत पाठवा म्हणून सांगायला. राग आला तर येऊ द्या, पण ऐकून घ्या.

वर बघा. आपण ह्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो. ह्यात नुसतं सिमेंट नाही, ॲस्बेस्टॉस आहे. दगडातून काढलेला तंतू. पत्र्यात तो साधारण दहावा हिस्सा असतो. पत्रा शाबूत आहे तोवर तंतू सिमेंटात अडकून राहतो. घण बसला, ड्रिल फिरलं, करवत चालली की सुटतो. इथं समुद्राचं खारं वारं आणि चार महिने पाऊस. सिमेंट झिजतं, तंतू उघडे पडतात. आणि आपण पावसाळ्याआधी वर चढून शेवाळ खरवडतो.

हा तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक. दिसत नाही, वास येत नाही. श्वासाबरोबर आत जातो आणि फुप्फुसात ठाण मांडतो. शरीराला तो विरघळवता येत नाही. जखमेवर वण धरावा तसं फुप्फुस आतून घट्ट होत जातं. त्याचं नाव ॲस्बेस्टॉसिस. कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर होतो, कुणाला फुप्फुसाच्या आवरणाचा, त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. बिडी ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका आणखी कितीतरी पटीनं. आणि हे सगळं उघडं कधी पडतं? पंधरा, वीस, चाळीस वर्षांनी. तोवर धूळ कुठली, काम कुणाचं, सगळं विसरलेलं असतं. माणूस दम लागतो म्हणून दवाखान्यात जातो, त्याला टीबीच्या गोळ्या देतात. बाबा, तू जन्मभर काम काय केलंस, हे कुणी विचारत नाही.

मी हे काम केलंय. एकोणीस वर्षांचा होतो. बोईसरच्या नाक्यावर सकाळी उभा राहायचो. एका ठेकेदारानं आम्हा तिघांना टेम्पोत घातलं आणि एका जुन्या वाचनालयावर नेलं. दोन दिवस आम्ही पत्रे फोडले. तोंडाला रुमाल. खाली पुस्तकांची कपाटं तशीच उघडी. त्यांच्यावर पिठासारखी भुकटी बसली. पुस्तकं झाडा म्हणाले, आम्ही कोरड्या फडक्यानं एकेक पुस्तक झाडलं. कपडे घरी नेले, आईनं झटकून धुतले. म्हणजे तीही आली त्यात. संध्याकाळी रोजी हातावर ठेवली. हजेरी नाही, सही नाही, पावती नाही. त्या ठेकेदाराचं आडनावसुद्धा मला ठाऊक नाही. उद्या मला धाप लागली तर मी कुणाच्या दारात जाऊ?

कायदा नाही का? आहे की. २७ जानेवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार. कोर्टानं म्हटलं, कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं, नाहीतर नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, ह्यातलं जे उशिराचं असेल तोवर ठेवा. त्या खटल्यातल्या ज्या कामगाराला ॲस्बेस्टॉसिस निघेल त्याला १ लाख रुपये द्या. ॲस्बेस्टॉसवर बंदी घाला म्हणून याचिका गेली. २०११ मध्ये कोर्टानं बंदी नाकारली, पण १९९५ चे आदेश पाळा म्हणून पुन्हा बजावलं. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या यादीतही हा आजार होता. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत मुरवला, तिच्याही यादीत व्यवसायातून होणारे आजार आहेत.

मग अडलं कुठं? कायदा पहिलाच प्रश्न विचारतो, तुझा मालक कोण? दाखव कागद. दावा करायला मुदत दोन वर्षांची. उशीर माफ करता येतो, पण तो अधिकाऱ्याला पटवून द्यावा लागतो. आजाराला चाळीस वर्षं लागतात आणि कायद्याचं घड्याळ दोन वर्षांचं!

ज्यांच्याकडे कागद होते त्यांची गत बघा. घाटकोपरचा हिंदुस्थान फेरोडो, पुढं हिंदुस्थान कंपोझिट्स. तिथल्या १८१ कामगारांना मुंबईतल्या कामगार-आरोग्याचं काम करणाऱ्या डॉक्टर-कार्यकर्त्यांनी तपासलं. ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. अहवाल २००५ मध्ये छापून आला. हे पटावरचे कामगार, बिल्ला असलेले, युनियन असलेले. तरी त्यांचा आजार दाखवून द्यायला बाहेरचे डॉक्टर यावे लागले. मग नाक्यावरच्या माणसाला कोण मोजणार?

हा कारखाना ब्रिटिश टर्नर अँड नेवॉल कंपनीच्या घराण्यातला. तिचीच टर्नर ब्रदर्स नावाची गिरणी इंग्लंडमधल्या रॉचडेलला होती. तिथं नेली केरशॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसचं सूत कातत होती. १९२४ मध्ये तेहतीस वर्षांची होऊन मेली. कंपनीनं एक पैसा दिला नाही. म्हणजे धुळीनं माणूस मरतो हे मालकांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

तिथल्या कामगारांनी मात्र पिच्छा सोडला नाही. ब्रिटननं १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. जुनी शाळा असो, वाचनालय असो, ॲस्बेस्टॉस कुठं आहे ह्याची नोंद ठेवणं तिथं इमारत सांभाळणाऱ्यावर बंधनकारक आहे. एका माणसानं अनेक मालकांकडे धूळ खाल्ली, तर नेमका कुणाच्या धुळीनं मेला हे कसं सिद्ध करायचं? २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं सांगितलं, मेसोथेलिओमाच्या बाबतीत ते सिद्ध करता येत नाही म्हणून मालक सुटणार नाहीत. आणि मालकच सापडला नाही तर विमा कंपन्यांकडून पैसा गोळा करून रोग्याला द्यायचा, असा कायदा २०१४ मध्ये केला. आपल्याकडे? ॲस्बेस्टॉसचं खाणकाम थांबवलं, आणि रशिया, कझाकस्तान, ब्राझीलमधून तोच तंतू आणून पत्रे ओतणं चालू ठेवलं.

आता हा पत्रा चढून फोडतो कोण, ते बोलू. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, थुंकी लागली तर बाटतील! कमी पगाराच्या सूतखात्यात मात्र चालायचा. कापसाची धूळ गिळताना कुणाला विटाळ झाला नाही. आज नाक्यावर जात कुणी विचारत नाही म्हणतात. बोईसरच्या नाक्यावर उभ्या राहिलेल्यांची आडनावं वाचा, आदिवासी पाडे मोजा, मग सांगा. बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांना दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ह्या छपराखाली दोघंही उभे आहेत.

म्हणून रविवारचं श्रमदान रद्द करा. श्रम दान केले, आता फुप्फुसंही दान करायची काय? ही इमारत ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याला लेखी पत्र द्या. पोचपावती घ्या. पत्रे उतरवायचं काम ह्यातलं जाणणाऱ्या माणसांकडून, योग्य मास्क देऊन, पैसे मोजून करून घ्या म्हणावं. काम कुणीही करो, काही गोष्टींवर अडून बसा. पुस्तकं आधी बाहेर काढायची. पत्रा पाण्यानं भिजवायचा. बोल्ट सोडवून अख्खा खाली घ्यायचा, फेकायचा नाही, फोडायचा नाही. कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. रुमालानं हा तंतू अडत नाही. अंगावरचे कपडे घरात न्यायचे नाहीत. आणि काढलेले पत्रे भंगारात, गोठ्यावर किंवा किनाऱ्यावर टाकायचे नाहीत. तो घातक कचरा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहून विल्हेवाट मागायची.

दुसरं काम आपलं. उद्यापासून ह्या वाचनालयात एक जाड वही ठेवा. ज्यानं ज्यानं पत्रे फोडले, कापले, चढवले, त्याचं नाव लिहा. कुठली इमारत, कुठलं साल, किती दिवस, ठेकेदार कोण, टेम्पोचा नंबर काय, सोबत कोण होतं. खाली दोघा साक्षीदारांच्या सह्या. लिहिता येत नसेल त्याचं आपण लिहू, तो अंगठा देईल. मोबाईलवर फोटो काढा, छापून वहीत चिकटवा. जुने एक्सरे फेकू नका, आणून जमा करा. बायांची नावंही लिहा, कपडे त्यांनी धुतलेत. कोर्टानं मालकाला ४० वर्षं नोंद ठेवायला सांगितली. आपला मालक चाळीस दिवस थांबत नाही. तेव्हा चाळीस वर्षं ही वही आपण सांभाळायची. वाचनालयाला ते जमलं पाहिजे.

ह्या वहीनं उद्या लगेच पैसे मिळतील, असं खोटं मी सांगणार नाही. पण दाव्यात मांडायला पुरावा राहील, आणि मोर्चा न्यायला आकडा राहील. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर सरकार घेतं, बांधकाम कामगार मंडळात जमा करतं. त्या मंडळात नाव घालायला वर्षातल्या ९० दिवसांच्या कामाचा दाखला मागतात, नाक्यावरचा माणूस तो आणणार कुठून? आपली मागणी सरळ आहे. धुळीनं आजारी पडलेल्याला त्या पैशातून भरपाई द्या, मालक सापडो की न सापडो.

वहीचं पहिलं पान मी आज भरून जातो. माझं नाव, ते दोन दिवस, ते वाचनालय. सोबतच्या दोघांपैकी एक आता कुठं आहे माहीत नाही. दुसऱ्याला पुढच्या रविवारी घेऊन येतो. त्याला हल्ली जिना चढताना थांबावं लागतं.

जयभीम.