पियानो मूळचाच ठेवायचा, की सुधारायचा?

जुना पियानो पूर्ण खोलून पुन्हा बांधायचा म्हटलं की मालक आधी सांगतात, "सगळं मूळचंच ठेवा हं." मी मान डोलावतो, पण तसं वचन देत नाही.

का, ते सांगतो. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, सगळ्यांचा ताण मिळून पंधरा-वीस टन. तो ताण पेलते लोखंडी चौकट. पण सूर धरून ठेवतो तो पिनब्लॉक, म्हणजे ज्या लाकडात पिना ठोकलेल्या असतात ते. पिना तिथे नुसत्या घर्षणावर उभ्या असतात. मुंबईचे पावसाळे झेलून भोकं सैल झाली, लाकूड चिरलं, की आज लावलेला सूर आठवड्यात उतरतो. अशा वेळी मी पातळ थर उभे-आडवे चिकटवलेला नवा ब्लॉक घालतो. मूळच्यापेक्षा तो चिवट असतो. फार कडक ब्लॉकमध्ये पिन झटके देत फिरते, ट्यूनिंग करणारा वैतागतो, पण ते मला चालतं.

आता उलटी गोष्ट. पियानोच्या आतल्या छोट्या सांध्यांत लोकरी कापडाचं अस्तर असतं. ते दमट हवेत फुगतं आणि पट्ट्या अडकतात. आपल्याकडे जुलैत हे घरोघरी. स्टाइनवेने १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या पियानोंत कापडाऐवजी टेफ्लॉन घातलं. टेफ्लॉन फुगत नाही, बरोबर. पण त्याच्या भोवतीचं लाकूड फुगतं, आकसतं! मग सांधे सैल होऊन टकटक वाजायला लागले. वीसेक वर्षांनी कंपनी कापडावर परतली. असा पियानो आज हातात आला तर पुष्कळ कारागीर कापडच घालतात. तीही सुधारणाच की.

हॅमरच्या बाबतीत मात्र मी फार जपून असतो. हॅमर एक ग्रॅमने जड झाला तर बोटाला साधारण पाच ग्रॅम जास्त लागतात. एका आजींच्या पियानोला कुणीतरी "मोठा आवाज येईल" म्हणून जाड हॅमर बसवून दिले होते. आवाज आला, पण सांधेदुखीच्या बोटांना पट्ट्या दबेनात. त्यांनी वाजवणंच सोडलं. मी मूळच्या वजनाचे हॅमर घातले. पिनब्लॉक मात्र नवा. त्यांना दोन्ही पटलं.

आणि चिकटवायचं काय? सरस दमटपणात सुटतो हे खरं. म्हणून तर उष्ण देशांसाठी बांधलेल्या जुन्या पियानोंत सरसाच्या जोडीला पितळी स्क्रू मारलेले दिसतात. पण ऊब-ओल दिली की सरसाचा सांधा उघडतो, इपॉक्सीचा उघडत नाही. जिथे पुढे कुणाला तरी खोलावं लागणार, तिथे मी आजही सरसच लावतो. पिनांचं माप, हॅमरचं वजन, काय बदललं, सगळं एका कागदावर लिहून पियानोच्या आत चिकटवतो.