स्टिअरिंग हाती घेण्यापूर्वी पासबुक उघडा



तुमच्यापैकी काही जण कारखान्यात, दुकानात किंवा यंत्रमागावर काम करतात. "आता ट्रक चालवायला शिकावं" असा विचार काहींच्या मनात असेल. विचार चांगला आहे. पण त्यासाठी हातची नोकरी आजच सोडू नका आणि घरातले दागिनेही गहाण टाकू नका. आधी हिशेब करू या.

पहिली गोष्ट कायद्याची. व्यावसायिक वाहन चालवायला वयाची २० वर्षे पूर्ण हवीत. हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असल्याशिवाय अवजड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. म्हणजे कोणी "पंधरा दिवसांत हेवी लायसन्स काढून देतो" म्हणत असेल, तर त्याच्या हातात पैसे देऊ नका.

हे एक वर्ष वाया जात नाही. तेच तुमचे बचतीचे वर्ष!

समजा, तुमचा पगार १५,००० रुपये आणि घरखर्च १२,००० रुपये आहे. हलक्या वाहनाचा परवाना हातात येताच दरमहा ३,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडा. वर्षाने ३६,००० रुपये आणि वर व्याज जमा होईल. त्यातले १२,००० प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला व शुल्कासाठी धरू. उरलेल्या २४,००० रुपयांत पगार नसलेले दोन महिने घर चालेल. तुमच्या गावचे दर वेगळे असतील. दोन-तीन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये विचारून आपले आकडे भरा.

हेच ३६,००० सावकाराकडून शेकडा ५ रुपये महिन्याने घेतले तर? दरमहा १,८०० रुपये नुसते व्याज. वर्षाचे २१,६०० रुपये गेले, आणि मुद्दल तसेच!

या वर्षात काम अनुभवूनही पाहता येते. ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. सुटीच्या दिवशी ओळखीच्या टेम्पोवर जा. रात्रीचा प्रवास, माल उतरवण्यासाठी तासन्‌तास थांबणे, घरापासून दूर राहणे हे आपल्याला जमेल का, ते तेव्हाच कळेल. घरच्यांनाही विचारा, कारण तुमच्यामागे घर त्यांनाच सांभाळायचे आहे.

पैसे भरण्यापूर्वी डोळे तपासून घ्या. दृष्टीत दोष निघाला तर तो आधीच कळलेला बरा. शाळेची फी एकदम न देता हप्त्याने भरा, प्रत्येक वेळी पावती घ्या. सरकारी शुल्क 'सारथी' संकेतस्थळावर स्वतः भरता येते. प्रशिक्षण संपल्यावर शाळेकडून नमुना ५ चे प्रमाणपत्र न विसरता घ्या. अवजड वाहनाच्या परवान्यासाठी ते लागते.

परवाना मिळाला की लगेच मोठा ट्रक हाती येईलच असे नाही. अनेकांना सुरुवातीला जुन्या चालकाबरोबर जावे लागते. मालकाशी बोलताना पगार किती, भत्ता किती, माल कमी भरला तर कोणाच्या पगारातून कापणार, हे आधीच ठरवा. पगार बँक खात्यात मागा. डिझेल-टोलसाठी मिळालेली रोकड ही तुमची कमाई नव्हे. ती वेगळी ठेवा.

आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला फक्त २० रुपये खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. वय १८ ते ७० मधील खातेदाराला ती घेता येते. पहिल्या फेरीला निघण्यापूर्वी बँकेत जाऊन ही योजना सुरू करा. वारसाचे नाव नोंदलेले आहे ना, तेही पाहा.

व्यावसायिक परवान्याचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते. आवर्ती ठेव मात्र पहिल्या पगारापासून पुन्हा सुरू करा.

तुमचा प्रवास सुखाचा होवो.