शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा
(लोणार येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दैत्यसूदनाच्या या प्राचीन गावी आज गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक झाले, वयोवृद्धांस शालश्रीफळ अर्पण झाले. ते उचितच होय. परंतु जे वृद्ध अंथरुणावरून उठूच शकत नाहीत, आणि त्यांच्या उशाशी बसावे लागल्यामुळे ज्या सुना, लेकी, पत्नी व पुत्र येथवर येऊ शकले नाहीत, त्यांच्याविषयी आम्ही दोन शब्द बोलू इच्छितो.

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय दहा कोटींहून अधिक भरले. आयुर्मान वाढले, ही आनंदाची गोष्ट. पण घरातील हात कमी झाले. मुले पुण्या-मुंबईस गेली आणि मागे राहिलेल्या एका सुनेवर सारा भार आला. खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी पालटावी लागते, नाही तर पाठीस जखमा होतात. भरविणे, स्वच्छता करणे, रात्री हाकेसरशी उठणे, हे वर्षानुवर्षे चालते. अशा बाईच्या तोंडून एखादा कठोर शब्द निघाला, तर तो बहुधा स्वभावाचा दोष नसून मोडलेल्या झोपेचा परिणाम असतो.

शासनाने काहीच केले नाही असे नव्हे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर व नातवंडांवर टाकली. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढील सर्वांस, उत्पन्नाची अट न ठेवता, रुग्णालयातील उपचारांसाठी संरक्षण मिळाले. केरळ राज्याने तर ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून घरी रुग्ण सांभाळणाऱ्यासच मासिक साह्य देऊ केले. तथापि पैसा कूस पालटीत नाही. त्यास माणूसच लागतो.

मृत्यू झालेल्या घरी शेजारी चूल पेटू देत नाहीत, डबा पोचवितात. ही आपली सुंदर रीत आहे. मग माणूस जिवंत असताना, सांभाळणारी थकलेली असताना, तोच डबा का पोचू नये?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, अशा प्रत्येक घरी आठवड्यातून एक दुपार कोणी तरी जाऊन बसावे, म्हणजे त्या माऊलीस निजता येईल किंवा स्वतःचे औषध आणता येईल. दुसरी, मंडळाने चाकांची खुर्ची, हवेची गादी, शौचाची खुर्ची असे साहित्य घेऊन ठेवावे व गरजेप्रमाणे विनामूल्य द्यावे. तिसरी, परगावच्या भावंडांनी दूरध्वनीवरून उपदेश करण्याऐवजी खर्चाचा वाटा वेळेवर पाठवावा आणि वर्षातून एक महिना स्वतः येऊन राहावे.

वृद्धांचा सत्कार आपण करीतच राहू. पण ज्यांच्या हातांवर त्यांचे म्हातारपण तोललेले आहे, ते हात मोडू न देणे हाही त्या सत्काराचाच भाग होय. या कार्यास आजच आपली नावे द्यावीत, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.