गाडी अडली, की माणूस लागतो



मागच्या आठवड्यात आपल्या पिंपळे गुरवच्या वर्गात एक प्रश्न निघाला. चाकणला टेम्पो घेऊन जाणारे एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, परदेशात म्हणे गाडी आपली आपण चालते. चालक नाहीच. मग आमच्या पोटाचं काय?" त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. आम्ही जुने मॅट्रिक. मोटारीतले आम्हांला काय कळणार? पण प्रश्न खरा होता. म्हणून आम्ही वाचले, जाणत्यांना विचारले. जे समजले ते आज सांगतो.

अशा गाड्या खरोखर आहेत. अमेरिकेत फिनिक्स नावाचे शहर आहे. तेथे २०२० सालापासून वेमो कंपनीच्या गाड्या चालकावाचून उतारूंना नेतात. गाडीला चहूबाजूंनी कॅमेरे असतात. पुढची वस्तू किती लांब आहे हे किरण सोडून मोजणारी यंत्रे असतात. आत संगणक असतो. तो हे सारे पाहून चाक वळवतो, ब्रेक लावतो.

सिग्नल चालू असला, पट्टे स्वच्छ दिसत असले, की काम बरे चालते. पण रस्ता नेहमी असा असतो का? आपल्याकडचेच पाहा. देहूहून तुकोबांची पालखी निघते. आकुर्डीचा मुक्काम करून पिंपरी, कासारवाडी, दापोडीवरून पुण्याकडे जाते. त्या दिवशी सिग्नल हिरवा असला, तरी पोलीस हात आडवा करतो. मग दुसऱ्या हाताने खूण करतो, "इकडून वळा." आपला टेम्पोवाला ती खूण तेव्हाच ओळखतो. पुढे दिंडी आहे, टाळ वाजताहेत, आता हॉर्न मारायचा नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. यंत्राला मात्र कोडे पडते.

कोडे पडले, की यंत्र काय करते? ते माणसाला विचारते.

आमच्या शाळेतली रीत सांगतो. नवा शिक्षक आला, की आम्ही त्याला नियम समजावून देत असू. नियमांत नसलेले काही घडले, तर तो शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवी. "मुलाला ताप आहे, घरी सोडू का?" आम्ही चिठ्ठीवरच दोन शब्द लिहून देऊ. वर्ग तोच चालवी. आम्ही फक्त उत्तर देत असू.

वेमोचे तसेच आहे, बरं का! लांब एका खोलीत माणसे पडद्यासमोर बसलेली असतात. गाडी चित्र पाठवते आणि विचारते, "हा रस्ता बंद आहे का?" माणूस चित्र पाहून उत्तर देतो. चाक त्याच्या हातात नसते. उत्तर घेऊन गाडी पुढचे ठरवते.

दुसरीही एक रीत आहे. एका जर्मन कंपनीची माणसे २०२४ पासून अमेरिकेतील लास व्हेगास शहरात खोलीत बसून, हाती खरेखुरे चाक धरून, रिकामी गाडी गिऱ्हाइकापाशी नेऊन देतात. पुढे गिऱ्हाईक स्वतः चालवते.

हे ऐकून वाटते, मग अडचण कुठे आहे? अडचण आहे. आणि ती दोन प्रकारची आहे.

एका आषाढात पवनेला पाणी चढले. साऱ्या वर्गांतून एकदमच चिठ्ठ्या आल्या. मुलांना सोडायचे की ठेवायचे? टेबलावर ढीग झाला. उत्तर देणारे आम्ही एकटे. सगळे वर्ग ताटकळले. चूक शिक्षकांची नव्हती. अशा दिवशी काय करायचे, हे आम्ही आधी ठरवून ठेवले नव्हते.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात २० डिसेंबर २०२५ रोजी असेच घडले. वीज उपकेंद्रात आग लागली. सुमारे १ लाख ३० हजार ग्राहकांची वीज गेली. सिग्नल बंद पडले. वेमोच्या अनेक गाड्यांनी एकाच वेळी विचारणा सुरू केली. उत्तरांना उशीर होऊ लागला. गाड्या चौकांत उभ्या राहिल्या आणि वाहतूक तुंबली. शेवटी कंपनीला काही काळ सेवा थांबवावी लागली.

दुसरी अडचण याहून कठीण आहे. त्याच शहरात २ ऑक्टोबर २०२३ रोजी एका बाईला आधी माणूस चालवत असलेल्या गाडीची धडक बसली. ती क्रूझ कंपनीच्या बिनचालकाच्या गाडीपुढे फेकली गेली. त्या गाडीने ब्रेक लावला, तरी ती सापडलीच. मग कडेला जाऊन थांबावे, असे यंत्राने आपल्याच बुद्धीने ठरवले. बाई गाडीखाली असताना तिला सुमारे २० फूट फरफटत नेले. त्याच महिन्यात कॅलिफोर्निया राज्याने त्या कंपनीचा परवाना रोखला.

मंडळी, यातून काय दिसते? ज्याला आपले अडले आहे हे कळते, तो विचारतो. ज्याला अडल्याचेच कळत नाही, तो कोणाला विचारणार? तुम्ही वर्गात हात वर करून म्हणता, "गुरुजी, हे अक्षर लागत नाही." ती लाज नव्हे. ते शहाणपण आहे.

आता पोटाचा प्रश्न. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी नागपुरात म्हणाले, की बिनचालकाच्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, कारण चालकांचा रोजगार जाईल. हे ऐकून बरे वाटते. पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नये. फेब्रुवारी २०२६ मध्ये अमेरिकेच्या संसदेपुढे वेमोच्या अधिकाऱ्याने सांगितले, की गाड्यांना उत्तरे देणारी काही माणसे फिलिपाईन्स देशात बसतात. म्हणजे गाडी अमेरिकेत आणि तिला वाट सांगणारा समुद्रापलीकडे! काम रस्त्यावरून खोलीत गेले, आणि देशही सोडून गेले. शिवाय खोलीतला एक माणूस अनेक गाड्यांना उत्तरे देतो. तेव्हा कामे तेवढीच राहतील, असे आम्ही खोटे सांगणार नाही.

पण त्या खोलीतल्या माणसाला दोन गोष्टी लागतात. एक रस्त्याची जाण. दुसरी, पडद्यावरचे झटकन वाचता येणे. पहिली तुमच्याकडे आहे. दुसरीसाठी तुम्ही रोज संध्याकाळी येथे येता.

आणि आणखी एक. जर्मनीने २०२१ साली कायदा केला, की अशा गाडीवर लांबून का होईना, माणसाची देखरेख हवीच. आपल्याकडे कधी असा कायदा करायची वेळ आली, तर आपण तीन प्रश्न विचारू. गाडी अडल्यावर उत्तर देणारा माणूस कोठे बसतो? एका माणसाकडे किती गाड्या? अपघात झाला, तर जबाबदार कोण?

हे तीन प्रश्न आम्ही फळ्यावर लिहिले आहेत. टेम्पोवाले भाऊ, तुम्ही ते मोठ्याने वाचा. बाकीच्यांनी वहीत उतरवून घ्या.