गोल्फचे पहिले धडे : वाळूज येथील शिक्षकांसमोरील भाषण

वाळूजच्या शाळेत गोल्फ कशासाठी, असे आपणांस वाटेल. मराठवाड्याचे पाणी हिरवळीवर ओतावे, असे मी म्हणणार नाही. तेल मिसळलेल्या वाळूवरही हा खेळ होतो. पटांगण झाडून १०८ मिलिमीटर व्यासाचा खळगा करा. विटीदांडूत रमलेल्या मुलाला टोला मारण्याची घाई असते, ती आवरा. प्रथम दोन पावलांवरून चेंडू खळग्यात सारू द्या, मग अंतर वाढवा. मूठ आवळली की मनगट ताठरते आणि चेंडू भरकटतो.

मात्र त्याआधी एक शिस्त. काठी फिरत असता बाकीची मुले दूर राहिलीच पाहिजेत. सुमारे ४६ ग्रॅमचा तो टणक चेंडू डोळा घालवू शकतो.

पुण्याचे उदयन माने २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले. शाळेत एकच काठी असली, तरी ती पाळीपाळीने सर्वांच्या, मुलींच्याही, हाती द्यावी.