भाकरी ताटातून गेली कशी?

(जळकोट, ता. तुळजापूर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे कापसाचा भाव आहे, ज्वारीच्या खरेदीचा प्रश्न आहे. त्यावर ठराव होतीलच. पण त्याआधी थोडा वेळ आपण आपल्याच ताटाकडे बघू. आपण जे पिकवतो आणि आपण जे खातो, या दोन गोष्टींची ताटातूट झाली आहे. तिची किंमत आता दवाखान्यात मोजावी लागते.

साखरेचा आजार हा पेठेत गादीवर बसणाऱ्यांचा आजार, असं आपण म्हणत आलो. आज या मांडवात बसलेल्यांपैकी किती घरांत त्याची गोळी आहे, ते ज्याचं त्यानं आठवावं. आयसीएमआरने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज आहे. माणूस जाड नाही म्हणजे तो सुटला, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९० च्या दशकात बाळंतिणी आणि त्यांची बाळं तपासली. आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाला हलकी, अंगात मांस कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. अर्धपोटी आईच्या पोटातून आलेल्या शरीराला पुढे आयता गोडधोड आणि बैठा दिवस मिळाला, की हा आजार लवकर गाठतो.

डॉक्टर सांगतात, भाकरी खा, तेल-साखर कमी करा, चालत जा. सल्ला खरा आहे. पण बोलण्याचा सूर असा, की चूक सगळी आपल्या जिभेची आणि आळसाची. आमचं म्हणणं वेगळं आहे. माणूस काय खातो आणि किती चालतो, हे त्याच्या मनावर थोडं आणि त्याच्या भोवतालावर फार ठरतं. शेतात काय परवडतं, रेशन दुकानात काय मिळतं, घर कसं बांधलं, रस्ता कुठून गेला, घरात आधी कोण जेवतं, हा तो भोवताल.

ज्वारी कुणी घालवली?

साठ-सत्तरच्या दशकात ज्वारी पिकवणाऱ्यावर लेव्ही होती, माल बाहेर न्यायला बंदी होती. ज्याच्या घरी ज्वारी, त्याच्याच दारात जीप. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो आली आणि खडी फोडणाऱ्या हातांनी ती खाल्ली. पुढे रेशनवर गहू आणि तांदूळ कायमचे झाले, कारण सरकारी कोठारं पंजाब-हरियाणाच्या गव्हा-तांदळाने भरली होती. १९९५ पासून शाळेच्या पोषण आहारातही तांदूळच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती. जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट झालं. पण आपल्या दुकानात पोतं उघडलं की बहुतेक वेळा गहू नाही तर तांदूळच निघतो. फुकट तांदूळ घरात असताना विकतची ज्वारी कोण आणील? आणि घेणारा नसेल, तर पेरील कोण?

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं. शहरात ज्वारीच्या बिस्किटांना भाव आला. २०२५-२६ ला मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये क्विंटल होता. कागदावर तो गव्हापेक्षा पुष्कळ वर होता. पण काटा लागला नाही, तर हमीभाव भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा. बघायचा आणि दिवस मोजायचे.

शेतीतली अडचणही समजून घ्या. गहू, सोयाबीन मशीनने निघतं. आपली रब्बी ज्वारी हाताने उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. कडबा शाबूत पाहिजे म्हणून मोठं मशीन चालत नाही. मजूर मिळत नाही. शिवारात एकट्यानेच ज्वारी पेरली, तर दहा गावची पाखरं त्याच्याच रानात उतरतात. म्हणजे ज्वारी सोडणं हा एकट्याचा निर्णय राहत नाही. शेजाऱ्याने सोडली की आपल्यालाही सोडावी लागते.

बांधावरची भाजी

खरिपाच्या ज्वारीत तुरीची ओळ असायची. मूग, उडीद, तीळ, अंबाडी तिच्याच आसऱ्याने यायची. रब्बीला कडेने करडई. डाळ, तेल, भाजी, तिन्ही एकाच रानातून. आता सलग सोयाबीन किंवा कापूस आणि त्यावर तणनाशक. तणनाशकाला तांदुळजा, पाथरी, घोळ ही तणंच वाटतात. आम्ही कृषी महाविद्यालयात एकरी उतारा मोजायला शिकलो. त्या उताऱ्यात बाईच्या ओट्यातली भाजी कुणी धरली नव्हती.

ज्वारीला देव करू नका. नुसत्या भाकरीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा नावाचा आजार होता. हैदराबादचे डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्यावर काम केलं. भाकरीबरोबर डाळ, भाजी, दूध, शेंगदाणा पाहिजे. मधुमेह असलेल्याने भाकरीसुद्धा मोजूनच खावी. आपण मागतो ते पूर्ण ताट.

घर, गाव आणि रस्ता

३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप इथे कुणाला सांगायला नको. उमरगा, लोहारा, औसा भागात हजारो माणसं दगडमातीच्या भिंतीखाली गेली. पन्नासच्या आसपास गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या हिशेबाने २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली. पक्की घरं हवीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण नकाशा काढला शहराच्या वसाहतीचा. सरळ रेषा, रुंद रस्ते, दूरदूर घरं. अडीचशे फुटांत कणगी कुठे ठेवणार आणि म्हैस कुठे बांधणार? भावकी पांगली, आळी मोडली. वर्षाची ज्वारी साठवायला जागा नाही, म्हणजे महिन्याचं रेशन आणि दुकानातली पुडी. घर बांधणाऱ्याने आपलं जेवणही ठरवलं, ते असं.

जळकोटला भूकंपाने हलवलं नाही, पण रस्त्याने हलवलं. सोलापूर-हैदराबाद महामार्ग चौपदरी झाला. माल लवकर जातो, दवाखाना जवळ आला, हा फायदा खरा. पण ज्याचं रान पलीकडे आहे, त्याच्या घरची म्हातारी पायी जायला भिते. पोरगा मोटारसायकल काढतो. कडेला वडापाव आणि गोड चहा आहे. सावलीचं झाड आणि पायवाट शोधावी लागते.

शेतकऱ्याला व्यायाम कशाला, असं कुणी म्हणेल. कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. पेरणी-काढणीला पाठ मोडेपर्यंत काम आणि मग काही महिने टपरीवर बसणं, हे पुरुषांचं झालं. मायबहिणींना ती बसकही नाही. खुरपणी, कापूसवेचणी वाकून करायची, घरी येऊन चूल, आणि सगळ्यांत शेवटी उरलेलं खायचं. जाते गेलं, गिरणी आली, चांगलं झालं. जाते परत आणा, असं आम्ही म्हणणार नाही. पण वाचलेली ताकद तिच्या अंगी लागायची, तर तिच्या ताटात डाळ पडली पाहिजे.

आता करायचं काय?

सरकारकडे मागायचं ते असं. हमीभावाने ज्वारीची खरेदी जिल्ह्यातच, हंगामाच्या पहिल्या दिवसापासून. तीच ज्वारी जिल्ह्यातल्या रेशनवर आणि शाळेच्या आहारात. महामार्गाच्या दोन्ही अंगांना पायी आणि बैलगाडीने जाण्याची वाट, ओलांडायला सोयीची जागा आणि कडेला झाडं. कडबा न मोडता ज्वारी काढणारं लहान यंत्र विद्यापीठाने द्यावं.

आपण करायचं ते असं. प्रत्येक गावात शिवाराचा एक सलग पट्टा ठरवून त्यात सगळ्यांनी एकदम ज्वारी पेरायची, राखण पाळीने करायची. प्रत्येकाने निदान घरापुरतं एवढं रान तरी ज्वारी, तूर, करडईला ठेवायचं, तिथे तणनाशक नेऊ नये. आणि घरात सगळ्यांनी एका वेळी जेवायला बसायचं. या शेवटच्या कामाला सरकारची परवानगी लागत नाही.

भावांनो, भाव मिळाला तर भाकरी परत येईल. ती नुसत्या उपदेशाने येणार नाही. म्हणून ज्वारीच्या खरेदीचा ठराव आज हात वर करून मंजूर करा, आणि पट्ट्यात रान देणाऱ्यांनी उठण्याआधी आपली नावं लिहून द्या.